कालची प्रत

६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आहेतच, आधी बातमी ऐक. परवा माझी आणि प्रोफेसरची फारकत झाली. रीतसर, तुझ्याच नोंदणी खात्याच्या इथल्या शाखेत.

मला वाटलं होतं, निदान अर्धा दिवस मोडेल, म्हणून दुकानाला कुलूप लावून गेले होते. खिडकीतल्या मुलीनं अटी विचारल्या, टाइप केल्या, दोघांना काचेवर अंगठा दाबायला लावला आणि म्हणाली, "पुढचे या." चष्म्याची काडी बसवायला मला याहून जास्त वेळ लागतो. मी म्हटलं, "कागद?" तर माझ्याकडे अशी बघितली, जणू मी दौत आणि टाक मागितला होता. "मॅडम, आपलं खातं कागदमुक्त झालंय." मग फोनवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं. ते दाबलं की 'विभक्त' अशी अक्षरं उमटतात. प्रोफेसर आपला फोन बघून म्हणाला, "अरे, माझंही आलं!" पास झालेल्या पोरासारखा. बाहेर पडल्यावर सवयीनं डावीकडे घराच्या वाटेला लागला, मग आठवलं, मग उजवीकडे वळला.

अटी साध्या. दुकान आणि वरची खोली माझी. आरामखुर्ची आणि पुस्तकं त्याची. जमादार माझा. दुसऱ्या कुणाकडे हा कुत्रा जाईल असं मला वाटतही नाही. रोज सकाळी दुकानाचे चारही कोपरे तपासून मगच तो मला शटर उघडू देतो.

फोन का केला नाहीस म्हणून रुसू नकोस. आई गेल्यावर आपण फोनवर जे भांडलो, त्यानंतर ठरलंय ना, पत्रच लिहायचं. पोस्टातून भांडण पोचेपर्यंत निम्मं निवतं.

आणि एकदा नीट लिही, तळघरात बसून तू करतोस काय? शेजारीण विचारते तेव्हा मी "कम्प्युटरमध्ये आहे" म्हणते. ती म्हणते, "बाहेर कधी येतो?"

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

शुभेच्छा लिहाव्यात की धीर द्यावा, या विचारात चार दिवस गेले. तू फार विनोद करतेस तेव्हा तुला बरं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा धीरच देतो. दाजींना मी दाजीच म्हणणार. दुसरं काही तोंडात बसणार नाही.

आता माझं काम. सगळ्या शाखांत दिवसभर ज्या नोंदी होतात, कुणाचं लग्न, कुणाची फारकत, त्या मुख्यालयातल्या एका मोठ्या मशीनवर जमा होतात. मशीन आहे, कधीतरी बिघडणारच. म्हणून रोज सगळ्याची एक प्रत काढून वेगळ्या कपाटात ठेवायची. याला बॅकअप म्हणतात. हे कपाट डिस्कांनी भरलेलं असतं आणि त्याला गारवा लागतो, म्हणून मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो. कपाटात जागा मोजकीच. त्यामुळे प्रत्येक प्रतीला मुदत असते. रोजची प्रत महिनाभर, महिन्याची वर्षभर, वर्षाची काही वर्षं. मुदत संपली की जुनी पुसायची, त्या जागी नवी बसते. एवढंच माझं काम आणि तेवढंच मला करू देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. मी नेहमीप्रमाणे मुदत संपलेल्या प्रतींची यादी सहीला नेली. साहेबांनी चष्मा वर केला.

"पुसणे? काय पुसणे?"

"मुदत संपलेल्या प्रती, साहेब."

"संपलेल्या म्हणजे खराब झाल्यात?"

"नाही."

"मग उद्या कुणी मागितल्या तर?"

"सात वर्षांत कुणी मागितलेल्या नाहीत."

"म्हणजे आता मागण्याची वेळ जवळ आली," साहेब म्हणाले आणि यादी परत केली.

मग समिती नेमली. नष्टीकरण समिती. विधी अधिकाऱ्यांना नाव खटकलं, म्हणून ती जतन पुनर्विचार समिती झाली. तिनं प्रत्येक विभागाला विचारलं, तुमचं काय पुसू? कुणाची बदली जवळ आलेली, कुणाची बढती. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, 'कायम ठेवा'. त्याचा रबरी शिक्काही बनवून घेतला. शिक्का उठवायला कार्यालयात कागद नाही, म्हणून तो माझ्या कपाटाच्या दारावर उठवला.

आत काय आहे म्हणशील, तर नोंदी थोड्या आणि स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती फार. कार्यालयाच्या मशीनवर कुणी काहीही ठेवतं. पाककृती, पुतण्याची पत्रिका, साहेबांच्या स्वागताचे फोटो. प्रत काढली की ते सगळं पुन्हा येतं. साहेब हार स्वीकारताहेत तो फोटो माझ्याकडे शेकड्यानं आहे. कपाट गळ्यापर्यंत आलंय.

जेवत जा.

ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,

मी जेवते. मला बरं आहे. विनोद करते कारण गोष्टी विनोदी आहेत.

हीच घे. गेल्या बुधवारी प्रोफेसर दुकानात आला. वाचायचा चष्मा जुना झाला म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं लावली, खालची ओळ वाच म्हटलं. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाला, "मेअखेरीला लग्न करतोय." मी म्हटलं, "ते या तक्त्यावर लिहिलेलं नाही." दातांची डॉक्टर आहे म्हणे, शांत स्वभावाची. त्याचा नंबर वाढलाय, तो मी लिहून दिला. जाताना जमादारानं त्याच्या बुटावर पाय ठेवला आणि दोन मिनिटं उचललाच नाही. मला काही वाटलं नाही. दुपारी तीन गिऱ्हाइकं केली.

तुझ्या कपाटाचं वाचून मात्र डोकं फिरलं. माझ्याकडे लोक जुन्या फ्रेमी टाकून जातात. वर्षभर ठेवते, मग सरळ भंगारात. कुणाला विचारत बसले असते, तर आज दुकानात मला उभं राहायला जागा नसती. तू जाऊन गुपचूप पुसून टाक की! त्या फोटोंतला एखादा हार कमी झाला, तर साहेबांना काय कळणार आहे?

ताई

२८ मार्च

ताई,

गुपचूप पुसता येत नाही. कोण, काय, केव्हा पुसतो याची नोंद मशीनच ठेवतं. आणि माझ्याच हातानं नियम मोडला, तर मग नियम पाळा म्हणून मी कुणाला कुठल्या तोंडानं सांगू?

तू म्हणालीस तशीच आता इथली गोष्ट विनोदी झाली आहे. रोज सकाळी साहेबांच्या टेबलावर प्रतीचा अहवाल जातो. कपाट भरत आलं तसा त्यात लाल इशारा यायला लागला. लाल रंगानं वरच्या पाहुण्यांवर वाईट छाप पडते, म्हणून साहेबांनी कंत्राटदाराच्या माणसाला बोलावलं. तो एक बटण फिरवून गेला. दुसऱ्या दिवसापासून अहवाल हिरवागार.

परवा मी आदल्या दिवसाची प्रत उघडून पाहिली. आत काही नाही. रिकामी. त्या माणसानं असं करून ठेवलंय की जागा नसेल, तर प्रत न काढताच मशीन पुढे जातं आणि 'काम पूर्ण' असं लिहितं. पूर्ण ते काय झालं, हे विचारायचं नाही. शेवटची खरी प्रत जानेवारीअखेरची आहे.

मी धावत वर गेलो. साहेब म्हणाले, "मुख्य मशीन चालू आहे ना?"

"आहे, साहेब."

"मग प्रत लागते कशाला?"

"ते बंद पडलं तर."

"तुमचा दृष्टिकोन फार नकारात्मक आहे हो."

हे त्यांनी माझ्या सेवापुस्तकातही लिहिलं. मी निदान एक जादा डिस्क मागितली. खरेदी समितीनं विचारलं, आधीच्या भरल्या कशा? मग निदान चित्रफिती तरी पुसू द्या म्हटलं. त्यावर एप्रिलअखेरीला बैठक ठेवली आहे.

दरम्यान, एकही प्रत न गमावणारं कार्यालय म्हणून साहेबांना वरून 'जतनभूषण' पुरस्कार मिळाला. फोटो काढले. ते मुख्य मशीनवर ठेवले आहेत.

दाजींचं वाचलं. तुला काही वाटलं नाही हे दोनदा वाचलं.

ढब्बू

१७ एप्रिल

ताई,

घाईत लिहितोय. तुझ्या फारकतीचा एखादा कागद आहे का तुझ्याकडे? पावती, चिठ्ठी, काहीही? सहज विचारतोय. काळजीचं कारण नाही.

जमादाराला थोपट.

ढब्बू

२२ एप्रिल

ढब्बू,

'सहज' हा शब्द तू आयुष्यात दोनदा वापरलास. एकदा माझी सायकल विहिरीत पडली तेव्हा, आणि आता.

कागद कुठला? कागद मागितला म्हणून मी त्या मुलीचं बोलणं ऐकून घेतलं होतं. पण तुझं पत्र यायच्या आधीच मला अर्धी गोष्ट कळली होती. सोमवारी प्रोफेसर दुकानात घुसला, दाढीही न करता. लग्नाची तारीख घ्यायला गेला होता. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, तुमचं लग्न झालेलं आहे." हा म्हणाला, "कुणाशी?" तिनं माझं नाव सांगितलं. त्यानं फोन काढून ती ठिपक्यांची चौकट दाखवली, तर 'नोंद आढळली नाही'. माझ्याही फोनवर तेच. मी इतकी हसले की मला स्टुलावर बसावं लागलं.

पण पुढचं ऐकून हसू गेलं. तो म्हणतो, "नव्यानं नोंदवावं लागेल म्हणतात. अटीही नव्यानं. मग या वेळी जमादार माझ्याकडे असू दे. तिलाही कुत्र्याची फार हौस आहे." मी त्याला दार दाखवलं.

आता घडलं ते सगळं सांग. मी अहवाल मागत नाहीये, मला खरं काय ते हवंय.

ताई

२९ एप्रिल

ताई,

खरं सांगतो.

मुख्य मशीन बंद पडलं. भर सकाळी, सगळ्या शाखा उघडत असताना. साहेबांनी मला वर बोलावलं. चेहरा शांत होता, पुरस्काराचं सन्मानचिन्ह मागे भिंतीवर.

"कालची प्रत लावा."

"कालची नाही, साहेब."

"मग परवाची."

"परवाचीही नाही."

"बरं, गेल्या आठवड्याची? मार्चची? अहो, फेब्रुवारीची तरी?"

"जानेवारीअखेरची आहे."

"मग इतक्या मोठ्या कपाटात आहे काय?"

"सात वर्षांची स्नेहसंमेलनं, साहेब. सगळी सुखरूप."

ते विधी अधिकाऱ्यांना म्हणाले, "यांना पुसायची सवय होती, हे नोंदवून घ्या."

आणि ताई, ते तसंच नोंदवलं गेलं. चौकशीत पहिला मुद्दा हाच निघाला की गेल्या दोन वर्षांत 'पुसणे' हा शब्द संपूर्ण कार्यालयात मी एकट्यानंच वापरला आहे. म्हणजे संशय कुणावर घ्यायचा, हे उघडच आहे. माझे इशारे कार्यालयाच्या मेलमध्ये होते. मार्चमधले. मार्च तर गेलाच.

जानेवारीअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत जी लग्नं झाली ती झालेली नाहीत, ज्या फारकती झाल्या त्या झालेल्या नाहीत. प्रती रिकाम्या आहेत हे कळलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की तुझी नोंदही फक्त त्या एका मशीनवर आहे. तुला लिहिलं नाही. वाटलं, बैठक होईल, सुधारेल.

आणि एक सांगू? रागावू नकोस. मशीन पडलं त्या दिवशी क्षणभर मनात आलं, कदाचित बरंच झालं. तू आणि दाजी, निदान एकदा शांतपणे बोलाल. दैवानं संधी दिली म्हण.

ढब्बू

८ मे

ढब्बू,

रागावू नकोस म्हटलंस, म्हणून दोन दिवस थांबले, मग रागावले. दैव कसलं? तुझ्या साहेबांना फोटो काढायची हौस होती, त्याला दैव म्हणतोस?

पण तू खरं सांगितलंस, तर मीही सांगते. मार्चमध्ये तो दुकानातून गेल्यावर मी तीन गिऱ्हाइकं केली म्हणून लिहिलं होतं. तिघांचेही नंबर चुकले. तिघांनाही नवी भिंगं करून द्यावी लागली. आणि फोनवर 'नोंद आढळली नाही' बघून मी हसले, तेही खरं. पण त्यानंतर दोन दिवस मी कुंकू पुसल्यासारखी नाही, की लावल्यासारखीही नाही, अशी हिंडत होते. कपात चहा ओतताना दोन कप काढले एकदा. मला वाटलं, आपण अजून नवराबायको आहोत, तर याला जेवायला बोलवावं का?

बोलावलं. आला. जेवणभर समुद्राच्या तळाशी जमिनीचे थर कसे सरकतात ते सांगत होता. बारा वर्षं ऐकलंय ते मी. खाली दुकानात भिंगं घासायचं नवं यंत्र आलंय, जाता-येता दिसेल असं कोपऱ्यात एवढं धूड उभं आहे, ते त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. तो वाईट नाही रे. पण मी त्याच्यासमोर बसले की मला माझाच आवाज ऐकू येईनासा होतो. उठताना पुन्हा म्हणाला, "जमादाराचं काय?" मी म्हटलं, "कुत्रा मिळणार नाही. हवं तर राहा माझा नवरा जन्मभर."

तेव्हा संधी-बिंधी काही नाही. मला फारकत हवी आहे, ती परत कशी मिळते ते कळव. आणि तू गप्प बसू नकोस. इथं मला दरडावून पत्रं लिहितोस, तिथं साहेबासमोर तुझी वाचा बसते.

ताई

१९ मे

ताई,

वाचा बसलेली नाही, उलट दिवसभर बोलतोय. माझी चौकशी चालू आहे म्हणून मला तळघरातून काढून 'चौकशी'च्या खिडकीवर बसवलंय. हा विनोद नाही, तसा लेखी आदेश आहे. लेखी म्हणायचं, कागद नाही म्हणून तोंडीच दिलेला.

सकाळी रांग लागते. गेल्या आठवड्यात एक तरुण आला, घामाघूम. "साहेब, माझं लग्न झालंय का?" मी विचारलं, "केव्हाचं?" म्हणाला, "मार्चमधलं." मी म्हटलं, "मग नाही झालेलं." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि मागं न बघता गेला. पाठोपाठ एक बाई आली, तान्हं मूल कडेवर. नवरा परदेशी जहाजावर नोकरीला. त्याच्याकडे जायला तिला लग्नाची नोंद लागते. लग्न जुनं, नोंद मात्र फेब्रुवारीतली. तो वर्षभर येणार नाही आणि दोघं समोर असल्याशिवाय नोंद होत नाही. मी तिला पेलाभर पाणी दिलं. तिनं ते मुलाला पाजलं. त्या दिवसापासून मला खिडकीत बसणं जड जातंय.

तुझं उत्तर: ३० मे रोजी तुमच्या गावच्या क्रीडागृहात सगळ्यांना बोलावलंय. दोघांनी यायचं, अटींवर एकमत हवं, तर नोंद होईल. एकमत नसेल, तर आधीचीच स्थिती कायम. साहेब स्वतः येणार आहेत. भाषण आहे.

माझी सुनावणी त्यानंतर. या वेळी बोलेन.

ढब्बू

१ जून

चि. ढब्बूस,

तुझ्या साहेबांना पाहिलं. हाराशिवाय जरा लहान दिसतात.

क्रीडागृहात दोन रांगा होत्या. एकीवर पाटी 'जोडणी', दुसरीवर 'तोडणी'. माझ्यासमोर चार माणसं रांग बदलून गेली. दोघं इकडून तिकडे, दोघं तिकडून इकडे. मार्चमध्ये लग्न केलेलं एक जोडपं रांगेतच पंख्याखाली कोण उभं राहणार यावरून भांडलं, आणि नोंद करायचीच कशाला म्हणून हसत हसत वेगवेगळ्या दारांनी निघून गेलं. साहेबांचं भाषण झालं. नोंदी हरवलेल्या नसून 'तात्पुरत्या अनुपलब्ध' आहेत, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "मग माझी बायको तात्पुरती कुठं आहे?"

प्रोफेसर आला. मागे ती दातांची डॉक्टर. खरंच शांत आहे. आमचा नंबर आल्यावर त्या मुलीनं विचारलं, "अटी?" मी म्हटलं, "आधीच्याच." प्रोफेसर म्हणाला, "कुत्रा सोडून." आणि मागं वळून, "हिला कुत्रा हवा आहे."

ती डॉक्टर जागची उठली. "मला कुत्रा नको आहे," ती म्हणाली. आवाज अजिबात न चढवता. "हे मी तुम्हाला तीनदा सांगितलंय. तुम्ही दर वेळी माझं नाव का घेता?"

प्रोफेसर जमिनीकडे बघायला लागला. बारा वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. एकदम माझ्या लक्षात आलं. त्याला जमादार नकोच होता. जमादारावरून अडलं की नोंद अडते, नोंद अडली की लग्न अडतं. मी हळूच विचारलं, "घाबरलास का?"

"थोडा," तो म्हणाला. "पुन्हा तसंच झालं तर?"

"मग तिला बोलू दे," मी म्हटलं. "मधेमधे थांबत जा. समोरच्याच्या घरात काय नवं आलंय ते बघत जा." डॉक्टरनं ऐकलं असणार. तिनं मान हलवली, पण मला उद्देशून की त्याला, ते कळलं नाही.

"अटी आधीच्याच," प्रोफेसर म्हणाला.

मुलीनं काच पुढं केली, अंगठ्यासाठी. मी हात मागं घेतला. म्हटलं, "कागद द्या."

"मॅडम, आपलं खातं..."

"माहीत आहे मला तुमचं खातं. कागदावर लिहा, खाली सही-शिक्का करा, नाहीतर मी इथून उठत नाही."

मागची बाई म्हणाली, "मलाही." तिच्या मागचा म्हणाला, "आम्हालाही." मग दोन्ही रांगा खाली बसल्या, ढब्बू. जोडणारे आणि तोडणारे एकत्र. साहेबांनी आधी नियम सांगितला, मग पाणी मागवलं, मग कोपऱ्यातल्या शाळेतून दोन गठ्ठे कागद आणवले. कर्मचारी पुरेनात, म्हणून लोकांनी आपापले कागद स्वतःच लिहिले. शिक्काही कुणाच्या तरी बॅगेत निघाला. 'कायम ठेवा' असा. तोच उठवला.

आता तुला म्हणून सांगते. फेब्रुवारीत अंगठा दाबला तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. परवा मला सगळं हातानं लिहावं लागलं. त्याचं नाव, माझं नाव, लग्नाची तारीख, आणि खाली 'यापुढे आम्ही वेगळे'. 'वेगळे' मी दोनदा खोडून लिहिलं, कागद सरकायला लागला. प्रोफेसरनं कागद धरून ठेवला, हलू नये म्हणून. मग मी त्याचा धरला. माझी फारकत परवा झाली, रे. आधीची नुसती अफवा होती.

घरी येऊन झोपले. गाढ.

तुझी सुनावणी कशी झाली? बोललास का?

ताई

२१ जून

ताई,

बोललो.

समितीत तीन जण. मधे एक वयस्क बाई, निवृत्त न्यायाधीश. साहेब बाजूच्या खुर्चीत. विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही 'पुसा' हा शब्द वापरला होता का?"

"हो. दर महिन्याला."

"पुन्हा वापराल?"

"उद्याच वापरेन."

खोलीत हालचाल झाली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "का?" एवढंच विचारलं.

मी खूप तयारी केली होती, ती सगळी विसरलो. तिला डोळ्यांसमोर आणलं, त्या कडेवर मूल घेतलेल्या बाईला. म्हटलं, "बाई, ठेवणं हे आमचं काम नाही. मागितलं तर परत देता येणं हे आमचं काम आहे. आम्ही इतकं ठेवलं की काही परत देता येईना. एका बाईला मी नुसतं पाणी देऊ शकलो." आणि तिची सगळी हकिगत सांगितली.

बाई साहेबांकडे वळल्या. "तिच्या लग्नाच्या जागी तुमच्या कपाटात काय आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं. पुरस्कार वगैरे सोड, त्यांच्या कपाळावर घाम होता आणि रुमाल सापडत नव्हता. "माझे फोटो," ते स्वतःच म्हणाले.

माझ्या सेवापुस्तकातला शेरा तसाच आहे, खोडायचा असेल तर वेगळी समिती लागते. साहेबांचीही बदली नाही, कारण पुरस्कारप्राप्त अधिकाऱ्याला वर्षभर हलवता येत नाही. पण दोन आदेश निघाले. जहाजावरच्या नवऱ्यांसाठी आणि तसल्या अडलेल्या सगळ्यांसाठी एकट्याच्या शपथेवर नोंद. त्या बाईला मी स्वतः बोलावून घेतलं. आणि मुदत संपलेल्या प्रती, साहेबांच्या सहीनं, समितीच्या देखत पुसणे.

सगळे तळघरात आले. कुणीच स्वेटर आणला नव्हता. सही करताना साहेब थबकले. "एक," म्हणाले, "एकच ठेवता आला तर... आई आहे त्यात शेजारी उभी." मी तो एक फोटो काढून त्यांना वेगळा दिला. मग बटण दाबलं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"काहीच वाटलं नाही."

"नाही वाटत," मी म्हटलं.

मी पुन्हा तळघरात आहे. दुसऱ्या सकाळी पहिला खरा अहवाल आला. एका शाखेची प्रत अर्धवट राहिली होती, तिथली तार सैल होती. मी तो तसाच वर नेला आणि शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. मग समोरची खुर्ची दाखवली.

"बसा," ते म्हणाले. "मग आता काय करायचं?"

दोन वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं. मी बसलो आणि सांगायला लागलो.

ढब्बू